घरातल्या सगळ्यांनी मिळून जिउ-जित्सू शिकायचं म्हणतोय, क्लास पारखायचा कसा?

कृष्णाकाठची (एडिसन, न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी. आम्ही मूळचे वाईचे, इथे येऊन नऊ वर्षं झाली. मुलगी १० वर्षांची आहे, मुलगा ७ वर्षांचा. शाळेच्या बसमध्ये एक मोठा मुलगा माझ्या मुलाला खिडकीशी दाबून बसतो आणि त्याचं दप्तर पायाखाली घेतो. पोरानं स्वतःहून काही सांगितलं नाही. जाकिटाची चेन तिसऱ्यांदा तुटली तेव्हा आम्ही खोदून विचारलं. शाळेला कळवलं, 'लक्ष ठेवतो' असं उत्तर आलं.

घराजवळ दुकानांच्या रांगेत, लाँड्रीच्या शेजारी, ब्राझिलियन जिउ-जित्सूची (कुस्तीसारखी, पण जास्त करून जमिनीवर पडून चालणारी झटापट) एक अकॅडमी आहे. शनिवारी सकाळी दहाला आईबाप आणि मुलं एकत्र शिकतात. दोन शनिवार मी काचेबाहेर उभी राहून बघितलं. एक लहान मुलगी पाठीवर पडली होती, तिच्या अंगावर तिच्या दुप्पट मुलगा होता, आणि तिनं पायांनी त्याच्या कमरेला विळखा घातला होता. घाबरलेली अजिबात दिसत नव्हती. ते दृश्य डोक्यातून जात नाही.

माझे बाबा तरुणपणी जत्रेतल्या कुस्त्या खेळलेले. त्यांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "पाठ लागली की कुस्ती संपली. पोरांना पाठीवर पडायला कसलं शिकवतात?" मला उत्तर देता आलं नाही.

माझ्या शंका अशा: सात वर्षांच्या मुलाला मान आवळायला शिकवतात का? मुलीला मुलांबरोबर झटापट करावी लागेल, ते कसं असतं? त्वचेचे आजार पसरतात असं ऐकलंय. आणि हे लोक वर्षभराच्या करारावर त्याच दिवशी सही मागतात, आज केली तर गणवेश फुकट म्हणतात. मलाही शिकायची फार इच्छा आहे, पण वय ३८, दोन सिझेरियन झालेली, कंबर अधूनमधून धरते, शाळेत खो-खोच्या पुढे काही खेळले नाही.

आणि एक गोष्ट विचारायला संकोच वाटतो. पाय लागला की नमस्कार करायची सवय हाडात मुरलेली आहे. इथे तर सगळा खेळच समोरच्याच्या अंगावर पाय ठेवून चालतो. कुणी यातून गेलंय का?

---

चिवला (कोलंबस, ओहायो)

तुला 'अगं-तुगं' करते हं, मी तुझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी आहे. तीन वर्षांपूर्वी मुलगा आठ वर्षांचा असताना त्याच्याबरोबर मीही सुरुवात केली. गेल्या हिवाळ्यात मला निळा पट्टा मिळाला, म्हणजे मोठ्यांमध्ये पांढऱ्यानंतरचा पहिला.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण मीही तिथेच अडले होते. पहिल्याच दिवशी जोडीदारणीच्या कमरेला माझं पाऊल लागलं आणि हात आपोआप छातीशी गेला. तिला वाटलं मला काही दुखलं. आमच्यात पाय लागला की नमस्कार करतात, असं मी सांगितलं. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मग सुरुवातीलाच एकदा करून घेऊ." तसंही प्रत्येक फेरीआधी हात टेकवून मूठ भिडवायची पद्धत आहेच. ती मूठ भिडवताना पुढच्या पाच मिनिटांतल्या सगळ्या पायांचा नमस्कार मी मनात करून टाकते. अजूनही करते.

आता क्लास पारखायचं. स्वच्छता, फी, भिंतीवरची पदकं हे सगळं नंतर. आधी टॅप बघ. समोरच्यानं पकड लावली आणि आपल्याला पुरे वाटलं, की त्याच्या अंगावर किंवा गादीवर दोनदा हात थोपटायचा. हात अडकले असतील तर तोंडानं 'टॅप' म्हणायचं. त्याच क्षणी पकड सुटली पाहिजे. टॅप करणाऱ्या मुलाकडे शिक्षक कसे बघतात, यावर त्या जागेचं सगळं कळतं.

आम्ही आधी एका दुसऱ्या ठिकाणी जात होतो. तिथे माझ्या मुलानं लवकर टॅप केलं की शिक्षक मोठ्यानं "इतक्यात?" म्हणायचे आणि बाकीची मुलं हसायची. मग तो टॅप करेनासा झाला. एके दिवशी कोपर सुजवून घरी आला, दोन आठवडे हात सरळ होत नव्हता. तीन महिन्यांची फी भरलेली होती, ती सोडून आम्ही निघालो. तिथे पहिल्या आठवड्यातच त्याचा पडलेला चेहरा मला दिसला होता आणि तरी मी 'सवय होईल' म्हणत राहिले, हे मला आजही लागतं.

आताच्या शिक्षिका तपकिरी पट्ट्याच्या आहेत, ब्लॅक बेल्टच्या एकच पायरी खाली. नव्या मुलांना पहिल्या दिवशी त्या एकही डाव शिकवत नाहीत. जोड्या लावतात, एकानं दुसऱ्याचं मनगट धरायचं, दुसऱ्यानं टॅप करायचं, पहिल्यानं सोडायचं. असं तीसेक वेळा. मग त्या स्वतः सगळ्यांत लहान मुलाला बोलावतात, त्याला आपला हात धरायला लावतात आणि टॅप करतात. अख्ख्या वर्गासमोर. त्या पोराचं तोंड बघण्यासारखं होतं.

पुढची गोष्ट घरातली. सासूबाई आमच्याकडे आल्या होत्या आणि नातवाला गुदगुल्या करत होत्या. त्यानं त्यांच्या खांद्यावर दोनदा थोपटलं. त्या हसतच राहिल्या, थांबल्या नाहीत. तो उठून बसला आणि शांतपणे म्हणाला, "आजी, टॅप केलं की थांबायचं असतं." त्यांना आधी राग आला. संध्याकाळी त्यांनी मला खोलीत बोलावून विचारलं, हे त्याला कुणी शिकवलं, चांगलं शिकवलं. तेव्हापासून आमच्या घरात कुणीही दोनदा थोपटलं की हात मागे जातात.

मान आवळण्याबद्दल. जिउ-जित्सूत दाब मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्यांवर येतो, श्वासनळीवर तो यायला नको असतो. नीट चाललेल्या वर्गात छोट्या मुलांना आधी पडायला, निसटायला आणि वर टिकून राहायला शिकवतात, या पकडी खूप नंतर येतात आणि हळूच लावायच्या असतात. स्पर्धांतही मुलांना बंदी असलेल्या डावांची यादी मोठी आहे: पायांच्या पकडी नाहीत, समोरून गिलोटिन (समोरच्याची मान काखेत धरून आवळणं) १२ वर्षांपर्यंत नाही. पायांचा विळखा सोडवायला समोरच्याला उचलून आपटायला तर कोणत्याच वयात परवानगी नाही. पट्टेही वेगळे, पांढऱ्यानंतर राखाडी, पिवळा, नारिंगी, हिरवा. निळा पट्टा १६ वर्षांच्या आत मिळतच नाही. कुणी सांगितलं की तुमचा पोरगा दोन वर्षांत ब्लॅक बेल्ट होईल, तर तिथून उठून ये.

बसमधल्या त्रासाबद्दल मनापासून सांगते. यात ठोसे-लाथा नाहीत, म्हणून शाळेत कुणाला इजा करून तुझा मुलगाच गुन्हेगार ठरेल ही भीती कमी. पण लगेच काही घडेल असं समजू नकोस. माझ्या मुलाला चारपाच महिने लागले. त्याला काय आलं, तर अंगावर कुणी भार टाकला तर कोपर आणि गुडघा मध्ये घालून जागा करायची, आणि एक हात टेकून, एक पाय समोर ठेवून, चेहरा उघडा न टाकता उठायचं. आणि अंगावर वजन आलं तरी श्वास चालू ठेवायचा. हे तिसरं मला सगळ्यांत मोलाचं वाटतं, कारण दबलेलं मूल आधी श्वास धरतं आणि मग रडतं. शाळेचा पाठपुरावा मात्र सोडू नकोस, तोंडी नको, लेखी कर. ते काम सात वर्षांच्या मुलावर टाकायचं नाही.

मुलीसाठी एवढंच बघ, की तिला 'याच्याबरोबर नको' असं कारण न देता म्हणता येतं का. आमच्याकडे म्हणता येतं आणि कुणी भुवई उंचावत नाही. बसायला जागा आहे का, आईबापांना पूर्ण वर्ग बघू देतात का, कुठलाही मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत राहू शकत नाही अशी व्यवस्था आहे का, हे थेट विचार. इथे हे शिकवायला सरकारी परवाना लागत नाही, म्हणून शिक्षकांची पार्श्वभूमी तपासली आहे का, हेही विचार. चांगल्या शिक्षकाला या प्रश्नाचा राग येत नाही.

तुझं स्वतःचं. वॉर्म-अपमध्ये 'श्रिंप' म्हणून एक प्रकार असतो. पाठीवर पडायचं, कुशीवर वळायचं आणि टाचा रोवून कंबर मागे झटकायची. श्रिंप म्हणजे आपली सुंगटा, कोळंबी. मालवणात जाळ्यातून काढलेलं सुंगट जसं उसळतं ना, तसंच. पहिला महिना मला गादीच्या अर्ध्यापर्यंतही जाता येत नव्हतं, मधेच पोट धरून पडायचे. माझंही एक सिझेरियन आहे. डॉक्टरांना विचारून घे, आणि शिक्षिकेला व प्रत्येक जोडीदाराला आधीच सांग की कंबर दुखरी आहे, मला दुमडून दाबू नका. सांगितलं की लोक ऐकतात. मंगळसूत्र, बांगड्या, कानातलं घरी ठेव. नखं आदल्या रात्री काप, केसांची घट्ट वेणी घाल. ३८ म्हणजे उशीर नाही, स्पर्धेत तर ३६ ते ४० वयाचा 'मास्टर २' असा स्वतंत्र गटच असतो.

आणि त्याच दिवशी सही करू नकोस. करार घरी आण, वाच, आपोआप नूतनीकरण होतं का आणि सोडायचं तर किती दिवस आधी कळवायचं ते बघ. फुकट गणवेशापेक्षा दोन आठवडे वर्ग करून बघू देणारी जागा बरी.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर कुस्तीतल्या माणसानं द्यावं. आहे इथे एक जण.

---

तांबडी माती (ह्यूस्टन)

हाक ऐकली. ताई, तुमच्या वडिलांना माझा रामराम सांगा. प्रश्न त्यांनी अगदी मुळाला हात घालून विचारलाय.

मी कोल्हापुरात सहा वर्षं तालमीत होतो. आपल्यात दोन्ही खांदे मातीला लागले की चितपट, संपलं. म्हणून पैलवान पडतानाच पोटावर वळतो, पाठ आभाळाकडे ठेवतो. हे शरीरात इतकं मुरतं की झोपेतही तसंच होतं. वयाच्या ४५व्या वर्षी मी जिउ-जित्सूला गेलो आणि पहिले सहा महिने रोज तेच केलं: खाली गेलो की पोटावर. आणि रोज कुणीतरी पाठीवर बसून माझी मान धरायचं. या खेळात पाठ देणं हीच सगळ्यांत मोठी चूक. पाठीचा ताबा घेणाऱ्याला ४ गुण मिळतात, छातीवर बसणाऱ्यालाही ४, आणि उभ्यानं पाडणाऱ्याला फक्त २. म्हणजे आपण जिथे हात झटकून उठतो, तिथे यांची लढत सुरू होते.

याला कारण आहे. जपानात जिगोरो कानोंनी १८८२ साली ज्युदोची संस्था काढली. त्यांच्याकडचा मित्सुयो माएदा १९१४ साली ब्राझीलला पोचला आणि पुढे तिथल्या बेलेम शहरात त्यानं कार्लोस ग्रेसीला शिकवलं. त्या घराण्यानं जमिनीवरचा भाग वाढवत नेला. कार्लोसचा धाकटा भाऊ हेलिओ अंगानं किरकोळ. ताकदीच्या माणसाला तो उभ्यानं पाडणार कसा? खाली पडलेल्यानं पायांनी समोरच्याला अडवायचं, त्याचा तोल आणि हात काबूत घ्यायचा, यावरच भर आला. तुम्ही काचेतून बघितलेली मुलगी तेच करत होती. वडिलांना म्हणावं, बसमध्ये चितपट म्हणून हात वर करायला पंच नसतो.

आता टॅपबद्दल. १९५१ साली रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये जपानचा ज्युदोपटू मासाहिको किमुरा हेलिओशी लढला. त्यानं हात मागे पिळला, हाड मोडलं, तरी हेलिओनं टॅप केलं नाही. शेवटी कार्लोसनं टॉवेल टाकून लढत थांबवली. त्या पकडीला आज 'किमुरा' म्हणतात. लोक ही गोष्ट शौर्याची म्हणून सांगतात. मला ती ऐकली की माझा गुडघा आठवतो. १९व्या वर्षी सरावाच्या कुस्तीत गुडघा वळला, आतून आवाज आलेला मी ऐकला. 'पुरे' म्हणायची आमच्यात रीतच नव्हती. गप्प राहिलो, हळदीचा लेप लावला, दुसऱ्या दिवशी परत आखाड्यात उतरलो. त्यानंतर मोठी कुस्ती मी खेळलो नाही. माझ्या उस्तादांवर माझा जीव होता, आजही आहे. पण दोनदा थोपटायची मुभा तेव्हा असती तर, हा विचार मी गादीवर उतरलो की रोज येतो.

कुस्ती वाया जात नाही हेही वडिलांना सांगा. एकेरी पट, दुहेरी पट, ढाक, हे पाडायचे आपले डाव सगळे इथे चालतात. उभ्यानं सुरुवात झाली की मला अजून कुणी सहज पाडत नाही. आमच्याकडची ब्राझिलियन पोरं माझ्याकडून ढाक शिकतात, नावही 'ढाक'च घेतात. वडील इकडे आले की त्यांना वर्गात घेऊन जा.

---

निळी ओपीडी (शिकागो)

मी मुलांच्या दवाखान्यात परिचारिका आहे. त्वचेचं तेवढं सांगते.

गादीवर सगळ्यांत जास्त दिसतं ते गजकर्ण. गोल, कडेला लाल, खाजणारा चट्टा. घाबरायचं काही नाही, पण लपवायचं तर अजिबात नाही. इथल्या हायस्कूल कुस्तीत अंगावरच्या गजकर्णाला उपचाराचे ७२ तास झाल्याशिवाय आणि डोक्यातल्याला १४ दिवस झाल्याशिवाय खेळू देत नाहीत. तुमच्या अकॅडमीत निदान एवढा तरी नियम हवा. डोक्यातलं नुसत्या मलमानं जात नाही, पोटातून औषध लागतं.

आपल्या लोकांना मुद्दाम सांगते. भारतातून येताना आपण बॅगेत खाजेची मलमं आणतो. त्यातल्या पुष्कळशा मलमांत बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते, आणि बुरशी आतल्या आत पसरत राहते. मग चट्ट्याचा आकारही ओळखू येत नाही. तसं मलम मुलांना लावू नका, डॉक्टरांना चट्टा न माखता दाखवा. पिवळट खपली धरणारे फोड किंवा दुखरी, गरम गाठ असेल तर त्याच दिवशी दाखवा.

अकॅडमीत गेल्यावर एकच बघा: लोक अनवाणी बाथरूमला जाऊन तसेच गादीवर येतात का? गादीच्या कडेला चपलांची रांग दिसली तर जागा सांभाळलेली आहे. गणवेश प्रत्येक वर्गानंतर धुवायचा, 'कालचा वाळलाय' चालत नाही. घरी आल्यावर मुलांना आधी आंघोळ, मग खाऊ.

---

खारे वारे (अबू धाबी)

मुलीच्या काळजीबद्दल थोडं. इथे २००८ पासून शाळांमध्ये जिउ-जित्सू शिकवतात, त्यामुळे अबायातल्या आया मुलींना पट्टा बांधून देताना रोज दिसतात. माझी मुलगी क्लबात जाते, तिथे मुलींचा वर्ग वेगळा आणि शिक्षिका ब्राझीलच्या. पहिलं वर्ष तिथेच काढून मग ती स्वतःहून मुलांच्या वर्गात गेली, कारण तिला जड जोडीदार हवे होते. तुमच्याकडे मुलींचा वेगळा तास असेल तर तिथून सुरू करा, पुढचं ती ठरवेल. गणवेशाच्या आत घट्ट बाह्यांचा बनियन आणि काळी लेगिंग घाला म्हणजे पाळीच्या दिवसांतही मन अडत नाही.

---

कृष्णाकाठची

तीन आठवडे झाले, कळवायला उशीर होतोय.

करार घरी नेऊन वाचते म्हटलं, तर 'सवलत आजच संपते' असं उत्तर आलं. नमस्कार करून निघालो. आता वीस मिनिटं लांबच्या ठिकाणी जातोय. दोन आठवडे फी न घेता येऊ दिलं. दारातच चपलांची रांग दिसली आणि मला निळी ओपीडी आठवल्या. शिक्षकांना पार्श्वभूमीचं विचारताना माझा आवाज कापत होता. त्यांनी फाइल काढून समोर ठेवली.

मुलगी पहिल्याच दिवशी रमली. मुलगा दोन वर्ग माझ्या मांडीवर बसून होता. कुणी ओढलं नाही. तिसऱ्या वर्गात शिक्षक त्याच्यासमोर येऊन पाठीवर पडले आणि म्हणाले, मला उठू देऊ नकोस. तो त्यांच्या छातीवर जाऊन बसला. त्यांनी टॅप केलं. यानं घाबरून लगेच हात वर केले आणि माझ्याकडे बघितलं. चिवलाताई, तुम्ही म्हणालात ते तोंड मी बघितलं.

माझी सुंगटा अजून तिसऱ्या उडीतच दमतात, पण कंबर ठीक आहे. जोडीदारीण साठीच्या आसपासची आहे, तिला नमस्काराचं सांगितलं तर आता तीच आधी हात जोडते.

बसचं अजून पूर्ण मिटलेलं नाही. लेखी तक्रार दिल्यावर त्याला चालकाच्या मागची जागा मिळाली आहे, पाठपुरावा चालू ठेवलाय.

बाबांना पंचाचं वाक्य वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "खालचा गडी पायानं धरतो तो नेमका कुठं धरतो, कमरेला का मांडीला?" मला नीट सांगता येईना. येत्या शनिवारी मोबाइल बाकावर टेकवून व्हिडिओ चालू ठेवायचं कबूल केलंय. वाईत तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतील, आई म्हणते त्यांनी जेवण लवकर वाढायला सांगितलंय.